सांगाव्याच्या चौथ्या पानावरची ओळ

प्रिय अण्णा,

सप्रेम जय भीम.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. सोमवारी मला एका ठिकाणी जायचंय आणि तिथे जे सांगायचं ते आधी तुम्हाला सांगितलेलं बरं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही होतात तोवर या विषयावर आपण दोघं तीन वर्षं बोललो नाही. रोज समोरासमोर जेवत होतो, टीव्हीवरच्या बातम्यांवर वाद घालत होतो, पण हे सोडून.

तुमच्या पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावत नव्हती. कारखान्यातले तुमच्या खात्याचे म्हातारे काठ्या टेकत आले होते. बोपोडीची, दापोडीची, येरवड्याची माणसं होती. जो तो एकच बोलत होता, अण्णांनी इतकी वर्षं सांगावा पेपर चालवला. मग भास्करकाका उठले. पांढरा सदरा, हातात माइक. म्हणाले, "अण्णांनी आयुष्यात एक ओळ खोटी छापली नाही." सगळ्यांच्या माना हलल्या. मी तुमच्या फोटोशेजारी बसले होते. मला मान वर करता आली नाही.

दाराजवळ संगीता उभी होती. आपल्या विलासची बायको. भास्करकाकांच्या सफाईच्या ठेक्यावर कामाला होता तो विलास. ती आत येऊन बसली नाही, जेवलीही नाही. पहिली पंगत उठल्यावर माझ्याजवळ आली आणि पिशवीतून एक झेरॉक्स काढली. सांगाव्याचं चौथं पान होतं.

"ताई, हे तुमच्याच पेपरातलं ना?"

मी हो म्हणाले.

"सुनावणीत काकांच्या वकिलांनी हेच दाखवलं. म्हणाले, माणूस आजाराने गेला असं यांच्याच समाजाच्या पेपरात आलंय, मग टाकीचा काय संबंध? साहेबांनी मला विचारलं, बाई, हा पेपर खोटं छापतो का? मी काय सांगणार? मी म्हणाले, नाही साहेब. अण्णा खोटं छापत नाहीत."

अण्णा, तिचा नुकसानभरपाईचा दावा त्या दिवशी गेला. तुमच्यावरच्या तिच्या विश्वासाने गेला.

ती मला दोष द्यायला आली नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं की अण्णांना ही बातमी चुकीची कुणी दिली? तिला वाटत होतं, तुम्ही फसलात. मी तिला म्हणाले, नंतर बोलू. हातात द्रोण होते, ते वाढायला गेले.

सांगावा कशासाठी काढलात, ते तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाठ आहे. तुमच्या वडिलांचे मित्र, ज्यांनी खडकीतल्या पोरांना पहिल्यांदा शाळेत नेऊन बसवलं, ते वारले. तुम्ही आणि दोन सोबती त्यांची बातमी घेऊन शहरातल्या मोठ्या पेपरांच्या कचेऱ्यांत फिरलात. कुणी म्हणालं जागा नाही. कुणी विचारलं, हे कोण? कुठेही आली नाही. परत येताना तुम्ही बसमध्ये म्हणालात, "आपला माणूस जगला तरी छापून येत नाही, मेला तरी येत नाही." त्या पावसाळ्यात पहिला अंक निघाला. सायक्लोस्टाइलवर काढलेले दोन कागद, शाई हाताला लागणारे. पहिल्या पानावर त्या आजोबांचं चरित्र होतं.

तुम्ही सरकारी नोकर. कारखान्यात राहून पेपर चालवायची परवानगी नव्हती. म्हणून संपादक म्हणून आईचं नाव घातलंत. चौथी शिकलेली आई! तिला अंकाच्या वर छापलेलं स्वतःचं नाव तेवढं वाचता यायचं, बाकी अक्षर अडायचं. मग ती दर शुक्रवारी अंक घेऊन बसायला लागली. बोट ठेवून, मोठ्याने. निकाल, वधूवर, शिष्यवृत्तीचे अर्ज, वर्षावासातल्या प्रवचनांचे दिवस. सांगाव्याने गावाचं काय केलं ते लोक सांगतील, आईला वाचायला त्याने शिकवलं हे मी पाहिलंय.

पुढे छपाई नारायण पेठेतल्या छापखान्यात जायला लागली. तिथल्या मालकांची आठवण आहे ना? पहिल्याच दिवशी ते तुम्हाला म्हणाले होते, "विचार तुमचे, शुद्धलेखन आमचं. दोघांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही." तुम्ही घरी येऊन चिडून सांगितलंत आणि सांगता सांगता हसायला लागलात. वीस-बावीस वर्षं जमलं तुमचं त्यांच्याशी. ते गेल्यावर त्यांची निधनवार्ता सांगाव्यात आली, चौथ्या पानावर, आपल्या माणसांच्या रांगेत.

चौथं पान तुमचं खास. निधनवार्ता फुकट. अट एकच, माणूस काय काम करायचा आणि कशाने गेला ते लिहायचं. आकडी म्हणजे आकडी, दारू म्हणजे दारू. लोक रागवायचे. तुम्ही म्हणायचात, "अहो, खोटं लिहिलं तर तो माणूस दुसऱ्यांदा जाईल." बातमी कुणी तोंडी दिली की तुम्ही ती लिहून त्याला वाचून दाखवायचात आणि खाली सही घ्यायचात. एकदा सुनेने सासूच्या बातमीवर सही करायला नकार दिला, तेव्हा तुम्ही दोन तास त्यांच्या ओट्यावर बसलात.

मी कॉम्प्युटरवर टाइप करायला शिकले आणि अंक माझ्या हातात आला. भास्करकाकांनी त्यांच्या गोदामावरची खोली दिली. भाडं नको म्हणाले. मागच्या पानाची जाहिरात कायम त्यांची. तुम्हाला ते तेव्हाच टोचलं होतं. "उपकाराच्या खोलीत बसून लिहायचं म्हणजे..." एवढंच बोलून तुम्ही थांबलात. मी म्हणाले होते, अण्णा, घरचाच माणूस आहे. खरंच होता. माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिला होता. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, त्यांनीच सुपरवायझर म्हणून लावलं.

आता विलासचं.

हडपसरच्या त्या सोसायटीत मैल्याची टाकी तुंबली. ठेका काकांचा. मैला उपसायची गाडी मागवायची ती मागवली नाही. विलास आणि बबन दोघांना पाठवलं. झाकण उघडून विलास शिडीने उतरला, आणि बबनच्या सांगण्याप्रमाणे, हाक मारेपर्यंत आतल्या वायूने तळाला कोसळला होता. त्याला वर काढलं तेव्हा श्वास चालू होता. तीन दिवस दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी गेला. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. काकांच्या माणसांनी दाखल करतानाच सांगितलं होतं, ताप होता, अंगावर काढला.

बबन तुमच्याकडे आला. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नव्हतं. तरी तुम्ही त्याला समोर बसवून सगळं लिहून घेतलंत. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. मी ते वाचून दाखवलं. त्याने सही केली. सही करताना तो म्हणाला, "अण्णा, माझं नाव छापू नका. पण झालं ते छापा."

तुम्ही म्हणालात, "पहिल्या पानावर घे, सुजाता."

मी पहिल्या पानावर घेतलं. खरंच घेतलं, अण्णा. मथळा घातला. पान लावून घरी आले.

आमच्या खोलीत सुधीर वाट बघत बसला होता. त्याला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. म्हणाला, "टाकीवर विलासला मीच पाठवलं होतं. काकांनी फोन केला, मी त्या दोघांची नावं सांगितली. हे छापलंस तर पहिला मी आत जाईन." मी विचारलं, गाडी का नाही मागवली? तो म्हणाला, "मागितली होती. काका म्हणाले, दोन तासांचं काम आहे." मग तो रडायला लागला. माझ्या नवऱ्याला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. "एक आठवडा थांब. काका संगीताचं बघणार आहेत. एकच आठवडा."

सकाळी मी पहिल्या पानावरची बातमी काढली. तिथे शिष्यवृत्तीची यादी टाकली. दुपारी काकांच्या ऑफिसातून निधनवार्ता आली. टाइप केलेली, विलासच्या फोटोसकट. "आमचे विश्वासू सहकारी विलास यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन." खाली कुणाची सही नव्हती. मी ती जशीच्या तशी चौथ्या पानावर लावली. तुमचा डोळा बरा नव्हता म्हणून पान तुम्ही तपासणार नव्हतात, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लावली.

शुक्रवारी अंक आला. तुम्ही पलंगावर, आई खाली जमिनीवर. ती नेहमीसारखी वाचत होती. पहिल्या पानावरची यादी तिने वाचली, तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, बातमी आत घेतली असेल. दुसरं पान झालं. तिसरं झालं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि मला आईचा आवाज येत होता. चौथं पान.

"अल्... पशा. आ-जा-रा-ने."

"परत वाच," तुम्ही म्हणालात.

तिने परत वाचलं. या वेळी अडखळली नाही.

तुम्ही मला हाक मारली नाहीत. मीच आले आणि दारात उभी राहिले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "पुढच्या अंकात दुरुस्ती घाल." मी सगळं सांगितलं. सुधीरचं, गाडीचं, काकांचं. मी म्हणाले, दुरुस्ती घातली तर माझं घर मोडेल. तुम्ही विचारलंत, "आणि संगीताचं?"

पुढचा अंक निघाला नाही. त्याच्या पुढचाही नाही. तुम्ही लोकांना सांगितलंत, डोळे गेले, आता होत नाही. लोकांनी सत्कार केला. शाल दिली. काकांच्या हस्तेच दिली आणि तुम्ही ती घेतलीत.

अण्णा, मला तुम्हाला एक विचारायचंय आणि तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून धीर होतोय. तुम्ही पेपर बंद का केलात? मी इतकी वर्षं समजत होते, तो तुमचा बाणा. खोटं छापलेला पेपर पुढे चालवायचा नाही म्हणून. पण पेपर बंद झाला तशी दुरुस्तीही बंद झाली ना? ती ओळ शेवटच्या अंकात तशीच राहिली, आणि शेवटची म्हणून जास्तच खरी झाली. तुम्ही एकीकडे संगीता ठेवलीत, एकीकडे मी, आणि निवड करायला नको म्हणून पेपरच मिटलात. तुम्ही मला वाचवलंत. तुम्ही नको होतं वाचवायला.

संगीता मधे एकदा आपल्या घरीही आली होती. सुनावणीच्या आधी. बबन नोकरी सोडून गावाकडे गेला होता, फोन उचलत नव्हता. तिने तुम्हाला विचारलं, "अण्णा, बबनदादा तुम्हाला काही बोलला होता का?" मी आत उभी होते आणि बबनच्या सहीचा कागद माझ्या कपाटात होता, हे आपल्या दोघांना माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "चहा घे, पोरी." ती चहा पिऊन गेली. त्यानंतर तुम्ही कितीतरी दिवस धड जेवला नाहीत. आईला वाटलं, दाताचं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टर हृदय म्हणाले. मी तुमची निधनवार्ता लिहायला बसले होते. छापायला पेपर नव्हता, विहाराच्या फळ्यावर लावायची होती. कशाने गेले, या जागी माझा हात थांबला.

विहारातल्या त्या दिवसानंतर आठ दिवस मी काही केलं नाही. मग आईला सांगितलं. तिला सगळं माहीत असेल असं मला वाटत होतं. नव्हतं. तिला इतकंच आठवत होतं की एकदा अण्णांनी एक ओळ दोनदा वाचायला लावली. ती म्हणाली, "वर नाव माझं होतं. मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मला वाचता येत नाही असं वाटलं तुला?"

तिने खुंटीवरची माझ्या कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जा, दे तिला."

मी संगीताकडे गेले. दापोडीत भाड्याची खोली आहे, तिथे ती शिवणाचं काम करते. मशीन चालू होतं. मी बबनच्या सहीचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने कागद वाचला. तुमचं अक्षर ओळखलं. "हे अण्णांनी लिहिलंय," म्हणाली. मग विचारलं, "तेव्हाच?"

"तेव्हाच."

"मी चहा प्यायला आले होते तेव्हा हे घरात होतं?"

मी हो म्हणाले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मशीनवरचं कापड काढून घडी केलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनाही माहीत होतं."

तिच्या मनातला तो एक माणूस त्या दिवशी मी काढून घेतला, अण्णा. तुमच्याबद्दल मी खोटं बोलू शकले असते. तिला सांगता आलं असतं की तुम्हाला काही माहीत नव्हतं, सगळं मी केलं. वाटेत तेच ठरवून गेले होते. पण तिच्यासमोर ते निघेना.

तिने वकील केलाय. वरच्या कोर्टात अर्ज घातलाय. वकील म्हणाले, कागद चालेल, पण तो कसा लिहिला गेला आणि का छापला नाही, हे सांगायला कुणीतरी लागेल. बबनचा पत्ता लागला. मी आणि संगीता एसटीने त्याच्या गावी गेलो. तो शेतावर कामाला होता. आम्हाला बघून बांधावरच थांबला. म्हणाला, "ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं. सही केली होती. तुम्ही छापलं नाही. आता कशाला आलात?" परतीच्या वाटेत संगीता खिडकीकडे बघत बसली होती. खडकी आल्यावर उतरताना म्हणाली, "सोमवारी यायचं तर या. पण तुम्ही आलात म्हणजे मी माफ केलं, असं समजू नका."

सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "माणूस परत येणार आहे का?" मी म्हणाले, नाही. तो बहिणीकडे राहायला गेलाय. काकांचा फोन आला होता. आवाज चढवला नाही त्यांनी. "सुजाता, अण्णांचं नाव खराब करतेस, पोरी. मेलेल्या बापाचं." अण्णा, मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. ते खरं बोलतायत. तुमचं नाव खराब होणार आहे. ज्या माणसांनी विहारात माना हलवल्या, तीच म्हणतील, अण्णांना माहीत होतं.

सांगाव्याची नोंदणी कधीच संपली, त्यामुळे अंक काढता येत नाही. मी एक पानी पत्रक काढलंय. वर "दुरुस्ती" एवढंच लिहिलंय. खाली बबनने सांगितलेलं तुम्ही लिहिलं होतं तसं, त्याचं नाव न घालता. शुद्धलेखनसुद्धा बदललं नाही. काल बोपोडीत वाटायला सुरुवात केली. पहिल्या घरात बाईंनी घेतलं, वाचलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातल्या आजोबांनी विचारलं, "सांगावा परत सुरू झाला का?" मी नाही म्हणाले. त्यांनी पत्रक परत केलं नाही, एवढंच.

तुमच्यावर राग आहे का, असं आई विचारत होती. आहे. आणि तुमच्याशिवाय करमतही नाही. शुक्रवार आला की अजून कान दाराकडे जातो.

वचन देते ते एवढंच. सोमवारी कोर्टात मला विचारतील, छापायला आलेली बातमी कुणी काढली? तेव्हा मी सुधीरच्या रडण्याची गोष्ट सांगणार नाही. काकांच्या उपकारांची सांगणार नाही. तुम्ही गप्प राहिलात, हे विचारलं तर सांगेन, पण त्याच्या आड उभी राहणार नाही. विलास आजाराने गेला नाही, त्याला टाकीत उतरवलं होतं. हे मला माहीत होतं आणि मी उलटं छापलं, असं म्हणेन. मग खाली बसेन, आणि संगीता जिकडे बसली असेल तिकडे बघेन. ती बघो न बघो.

तुमची,
सुजाता